मामांची डिलाईट (जुनी फियाट) विकायची आहे : कामाच्या नोंदी

१५ नोव्हेंबर २०२३, गारगोटी

आज भाऊबीज. आई या वर्षी ओवाळायला नाही, मामींना भेटायला आली. चहा झाल्यावर मामींनी विषय काढला, "ती गाडी तेवढी काढा रे इथनं." दोन आठवड्यांपूर्वी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. ती बातमी टीव्हीवर लागल्यापासून शेड उघडून दाखवायला सांगणारी माणसं वाढलीत. एकानं पस्तीस हजार सांगितले, दुसऱ्यानं भंगाराच्या वजनावर हिशेब केला. मामींना वजनाचा हिशेब लागला. म्हणाल्या, "विका, पण किलोवर नको."

गाडी फियाट ११०० डी, १९७० ची. बाहेरचे तिला पद्मिनी म्हणतात, पण पद्मिनी हे नाव १९७४ नंतरचं, त्याआधी थोडे दिवस प्रेसिडेंट होती. ही त्याच्याही आधीची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, डिलाईट म्हणायचे ती. आणि 'डुक्कर फियाट' ती हिच्याही आधीची, १९५४ पासून येत होती ती गोल पाठीची मिलेचेंतो. शेडपाशी जमलेल्या पोरांना एवढं सांगेपर्यंत मामींनी दुसरा चहा ठेवला होता.

मामांनी २०१९ च्या पावसाळ्यात लावली ती तिथंच. चारही टायर बसलेत. मागच्या सीटवर मांजर व्यालं होतं. मी दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांच्या कास्टिंगची मापं घेतो, गाडी दुरुस्तीचा माझा संबंध रविवारपुरता. तरी जबाबदारी घेतली. अट एकच: जे करीन ते लिहून ठेवीन आणि घेणाऱ्याला ही वही दाखवीन.

१९ नोव्हेंबर

आज नुसती तपासणी. सोबत फ्रिजवरचं लोहचुंबक, टॉर्च, जॅक आणि स्क्रू ड्रायव्हर.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. म्हणून इंजिन कितीही सुरेख वाजत असलं तरी दाराखालचा आडवा पत्रा कुजला असेल तर गाडी संपली. हे बघायची युक्ती कोल्हापूरच्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी फोनवर सांगितली: दार लावा, फटीत पोस्टकार्ड घालून बघा, मग त्या बाजूला जॅक लावून उचला आणि परत बघा. फट बदलली तर खालचा पत्रा गेला.

डाव्या बाजूची फट तशीच राहिली. उजव्या बाजूला जॅक चढवला तसा मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात कार्ड अडकलं. दार उघडलं ते परत लागेना. जॅक उतरवला आणि लागलं. खाली आडवा होऊन स्क्रू ड्रायव्हर टेकवला, दाबलासुद्धा नाही, आणि तो बोटभर आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला तांबडा भुगा, भिजवलेल्या नाचणीच्या पिठासारखा.

चुंबक सगळीकडे फिरवलं. छपराला, बॉनेटला, डिकीला चटकन चिकटतं. पुढच्या उजव्या मडगार्डवर चार बोटं जागेत घसरून पडतं. तिथं पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, जाड थर आहे. कधी तरी ठोकली असणार.

मीटर ४३,६१८ किलोमीटर दाखवतो. आकडे पाचच, त्यामुळे ४३ का १ लाख ४३ हे मीटर सांगत नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये मामांची खिशातली डायरी सापडली. प्रत्येक ऑईल बदलाची पेन्सिलने तारीख आणि आकडा. ११ मार्च १९९१ च्या ओळीपुढं लिहिलंय: 'मीटर परत शून्य झाला. पेढे.' म्हणजे १ लाख ४३ हजार. जाहिरातीत असेच लिहिणार.

२६ नोव्हेंबर

गाडी टेम्पोवर घालून कोल्हापूरला मेस्त्रींच्या गॅरेजला आणली. मेस्त्रींचं वय सत्तरच्या आसपास. या गाड्यांवर हात बसलेली पिढी आता संपत आली. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलंच नाही. "इंजिन काय, आठ दिवसांत बांधून देतो. पत्रेवाला कोण बघितलाय?"

कोणीच बघितला नव्हता.

३ डिसेंबर

कागदांचा दिवस. खरं तर हेच आधी करायला हवं होतं, आधी हातोडा घेतला ही चूक.

आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, मामांच्या नावावर. मामा गेले गेल्या वर्षी. मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी थेट तिसऱ्याला विकता येत नाही. आधी वारसाच्या नावावर, त्याला फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र. मामांची दोन्ही मुलं संमती द्यायला तयार आहेत, पण एक दुबईला. त्यात आरसी म्हणजे हाताने लिहिलेलं जुनं पुस्तक, ते आधी संगणकावर चढवायचं, म्हणजे बॅकलॉग नोंद. शिवाय नोंदणीची मुदत १८ मे २०२३ ला संपलेली. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं असतं. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली आणि उशिराला दर महिन्याला ५०० वर. महिन्याचा तुकडासुद्धा पूर्ण महिना धरतात. मीटर इथंही चालू आहे.

इंजिन नंबर आणि चेसिस नंबर रॉकेलने घासून वाचले. पुस्तकात शेवटून दुसरा आकडा ८, ब्लॉकवर ३ दिसत होता. पोटात गोळा आला. या गाड्यांना टॅक्सीतून निघालेली इंजिनं सर्रास बसवली गेलीत, आणि नंबर जुळला नाही तर सगळं अडतं. दाढीच्या ब्रशने वळणातला मळ काढला तेव्हा ८ झाला. मेस्त्रींनी कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली आणि छाप काढून माझ्या हातात दिला. "हा जपा. गाडीपेक्षा ह्येला किंमत हाय."

१७ डिसेंबर

चारही प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑईल सोडून तीन आठवडे ठेवलं होतं. आज गाडी चौथ्या गिअरला टाकली आणि दोघांनी ढकलली. आधी चाकंच घासत गेली, मग एकदा 'कट्' झालं आणि इंजिन फिरलं. फिरलं म्हणजे झालं असं नाही, पण जाम नव्हतं एवढं कळलं.

२४ डिसेंबर

इंजिन उतरवलं. १०८९ सीसी, चार सिलिंडर. ब्लॉक बिडाचा, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. गाडी तापली की पहिलं हेड वाकतं. आमच्या हेडवर पट्टी ठेवून फीलर, म्हणजे फट मोजायचं पातळ पान, घातला, मध्ये ०.१५ मिलिमीटरचा उजेड. एकदा तरी चांगलीच तापलेली आहे. मामांच्या डायरीत हे नाही. मामा फक्त केलेली कामं लिहायचे, घडलेल्या गोष्टी नाही.

मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. कारखान्यातला बोअर गेज रविवारपुरता मागून आणला. तळाला ६८.०४, वरच्या रिंगेच्या जागी ६८.२१. दुसऱ्या सिलिंडरला वर बोट फिरवलं की नखाला पायरी लागते. मेस्त्री गेजकडे बघतसुद्धा नाहीत. नख फिरवून म्हणाले, "पाव मिलिमीटरला थोडं कमी." मी आकडा सांगितला तेव्हा त्यांनी विडी पेटवली.

आता प्रश्न: पिस्टनला नुसत्या नव्या रिंगा टाकून विकायची, का सिलिंडर आतून कापून मोठे करायचे, म्हणजे बोअर करायची? नुसत्या रिंगांवर गाडी सुरू होईल, घेणाऱ्यासमोर धूर मारणार नाही, आणि सहा महिन्यांत ऑईल प्यायला लागेल. विकायला काढलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हेच केलेलं असतं. 'इंजिन काम केलंय' या तीन शब्दांत दोन्ही बसतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, बोअरिंगला टाकलं, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज.

७ जानेवारी २०२४

पिस्टन-रिंगा ९,५००. बोअरिंग-होनिंग २,०००. बेअरिंग ३,२००. हेड फेसिंग आणि व्हॉल्व्ह सीट २,८००. गॅस्केट सेट १,६००. मेस्त्रींची मजुरी १२,०००. एकूण ३१,१००.

लेथवर ब्लॉक होता तेव्हा शेजारी एका डिझेल पंपाचं लायनर चालू होतं. ऊस आणि पंप आहेत म्हणून कोल्हापुरात बोअरिंगवाला अजून दिवसभर कामात असतो, आणि त्याच्या जोरावर आमच्यासारख्यांचे नाद चालतात. पुण्यात नाना पेठेत सुटे भाग मिळतील, पण चार बोअर आज टाकून परवा उचलायला उद्यमनगरच पाहिजे.

२१ जानेवारी

पत्रेवाला मिळाला. त्याने अंदाज दिला: सगळी गाडी खरवडून, लांबी भरून, नवा लाल रंग, ९०,००० रुपये. लाल का, तर "लाल लगेच जाते."

मी नको म्हणालो आणि तो नाराज झाला. माझं म्हणणं साधं आहे. विकायच्या तोंडावर नवा रंग मारलेली गाडी बघितली की मलाच शंका येते, खाली काय दडवलंय? जुना रंग हा पुरावा आहे. कुठं ठोकली, कुठं नाही, तो सांगतो. मग ठरलं असं: उजवा खालचा पत्रा पूर्ण कापून नवा, ड्रायव्हरच्या पायाखालची फरशी नवी, पुढचं मडगार्ड लांबी काढून ठोकून सरळ, आणि रंग फक्त तेवढ्याच भागांना.

कोणता रंग? बाहेरून गाडी राखाडी. मागची सीट काढून तिच्या पाठीमागचा पत्रा ओल्या पॉलिश पेपरने घासला, रुपयाएवढी जागा. आधी राखाडी, मग त्याखाली निळा, मग तांबूस प्रायमर आणि पुन्हा एक राखाडी, पण फिकट, दुधाचा हात लागल्यासारखा. शेवटी उघडा पत्रा. झाडाच्या खोडावरच्या वर्तुळांसारखी कडी दिसत होती. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन: "निळी? निळी माझ्या लग्नात होती." आईचं लग्न १९८१ चं. डायरीत रंगाची नोंद नाही, म्हणून हे इथं लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी

पत्रा कापला. आत तीन वेगवेगळ्या काळातले तुकडे एकावर एक जोडलेले निघाले, सगळ्यात आतला कसल्या तरी डब्याचा, त्याच्यावर अजून हिरवा रंग. कापायच्या आधी दोन्ही दारांच्या मध्ये आडवी पट्टी टाचून घेतली, नाहीतर सांगाडा बसतो आणि मग दार जन्मात लागत नाही. आधीच्या कोणीतरी हीच घाई केली होती, म्हणून मागचं दार इतकी वर्षं वर उचलून लावावं लागायचं. आम्हा पोरांना वाटायचं फियाटचं दार असंच असतं.

पत्रा आणि तेवढा रंग: ३४,५००.

२५ फेब्रुवारी

ब्रेक. चारही ड्रम उघडले, मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज बदलले: ११,४००. याच्यावर घासाघीस केली नाही.

टायर पाच: १६,५००.

१० मार्च

पेट्रोलचा विषय. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, आणि १९७० चं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. जुना पाईप दोन बोटांत दाबला तर चिकट काळं बोटाला लागलं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे रबरी पाईप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाकले, पंपाचा डायफ्रॅम नवा. सोलेक्स कार्बोरेटर मेस्त्रींनी वर्तमानपत्रावर उघडला, जेटमधून फुंकून आकाशाकडे धरून बघितलं, परत बसवला. दहा मिनिटं.

डेल्को, म्हणजे प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, साफ, त्यातले पॉईंट नवे, वायरिंगचा उंदरांनी खाल्लेला भाग नवा. वायरिंगचे ६,०००.

दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी सुरू झाली. पहिला धूर निळा, मग पांढरा, मग काही नाही. मेस्त्रींनी टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज ऐकायला लांब स्क्रू ड्रायव्हर हेडवर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. गॅरेजमधला पोऱ्या मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, त्याला डोळे न उघडताच म्हणाले, "गाणं बंद कर ते."

२० मार्च

मामींच्या नावावर आरसी झाली. आज नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५. फी ५,०००, उशीर अकरा महिन्यांचा धरून ५,५००. विमा, पीयूसी, पर्यावरण कर, प्रतिज्ञापत्रं धरून कागदांचा खर्च १४,८०० वर गेला. तपासणीला गाडी स्वतः चालवत नेली. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले, चेसिस नंबर ताडला, आणि मग खासगीत विचारलं, "देणार का?"

व्हिंटेज नोंदणीचं बरेच जण विचारतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला 'व्हीए' मालिकेचा नंबर आणि २०,००० फी, जुनी नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही: प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. मामांनी हिच्यातून कोंबड्यांचं खाद्य आणलंय. साधी नोंदणीच ठेवली. तीन अक्षरी जुना नंबर आहे तसाच आहे, घेणाऱ्याला हवं तर त्याने पुढं करावं.

९ एप्रिल

पाडवा. सकाळी गुढी उभारून पन्हाळ्याला. मुद्दाम उन्हात, अकरा वाजता. वाघबीळच्या पुढच्या चढावर दुसऱ्या गिअरला ठेवून इंजिनच्या तापमानाचा काटा बघत होतो. मधल्या खुणेच्या वर गेला आणि तिथंच थांबला. हेडचं काम जमलं.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे, त्यात अजून ढिलाई आहे, बुश बदलूनसुद्धा. तिसरा शोधावा लागतो. पहिला गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर किर्र. वर पोचल्यावर झुणका-भाकरवाल्या मावशींनी विचारलं, "शूटिंग हाय का?"

२१ एप्रिल

जाळीचा घोळ. हिच्यावर बसलेली पुढची जाळी पद्मिनीची आहे, कधी तरी बदललेली. डिलाईटची जाळी चोर बाजारातल्या एका दुकानदाराकडे निघाली, ७,५००. फोटोत अखंड, पार्सल उघडलं तर खालची पट्टी पितळेने जोडलेली. वाद घातला, हजार परत मागितले, मिळाले नाहीत. बसवली. पद्मिनीची जाळी गाडीसोबत देणार.

एकूण आजपर्यंत १,२१,८००. माझे रविवार यात धरलेले नाहीत.

१२ मे

जाहिरात टाकली, २,६०,०००. फोटो बावीस, त्यातले नऊ वाईट गोष्टींचे: डिकीच्या कडेचा गंज, छपराच्या आतल्या कापडाचा फाटका कोपरा, जोडलेली जाळी, उजव्या पत्र्याचं वेल्डिंग चालू असताना. मित्र म्हणाला, असले फोटो टाकून गाडी जाते का.

पहिला फोन लग्नाला गाड्या देणाऱ्याचा. छप्पर कापून उघडी करायचा विचार. सांगाडाच चेसिस आहे, छप्पर कापलं तर मधे वाकेल, असं मी सांगितलं. "खाली अँगल मारू की." दुसऱ्याला हॉटेलच्या भिंतीवर लावायला फक्त पुढचा अर्धा भाग हवा होता, इंजिन नको, त्याचे पैसे कमी करा. तिसऱ्याने गाडी न बघता १,९०,००० सांगितले आणि दर दोन दिवसांनी 'फायनल?' एवढाच मेसेज.

मामींना सगळे सांगितले. हॉटेलवाल्याचं ऐकून त्या हसल्या, मग गप्प झाल्या. "त्यापेक्षा किलोवर बरी होती की."

२ जून

कागलहून एक जण आले, पंचावन्नच्या आसपास, सोबत त्यांची मुलगी. माणसाने एक तास गाडीला हात लावला नाही. आधी वही वाचली, मग मामांची डायरी, १९९१ च्या पेढ्यांपाशी थांबले. मग मुलीने पिशवीतून लोहचुंबक काढलं. मला बरं वाटलं.

तिने मडगार्डवर फिरवलं, चिकटलं. खाली वाकून नवा पत्रा बघितला. डाव्या बाजूला, मी तपासून सोडलेल्या जागी, पुढच्या चाकामागे चुंबक घसरलं. मी परत फिरवून बघितलं. करंगळीएवढी जागा, आत लांबी. माझ्या नजरेतून सुटली होती. वहीत तिथंच लिहिलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

२,४०,००० ला ठरलं. मामींशी फोनवर बोलून.

९ जून

गाडी दिली. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मामींच्या सह्या, अंगठा टेकवावा तशा जपून केलेल्या. सोबत डायरी, वही, पेन्सिलचा छाप, पद्मिनीची जाळी, जुने चार पिस्टन. तोंडी सांगितलं ते इथंही: थंड असताना चोक पूर्ण ओढा, सुरू झाल्यावर अर्धा, पन्हाळ्याच्या चढाला बंद. तिसरा गिअर सावकाश शोधून टाका. डाव्या वायपरला पावसात एकदा हाताने मदत लागते.

आरसीवर त्यांचं नाव चढेपर्यंत विमा मामींच्या नावावर चालू राहील, त्याचा पाठपुरावा माझ्याकडे.

१६ जून

डिकीची दुसरी किल्ली मामींच्या फडताळात जायफळाच्या डबीत सापडली. उद्या एसटीच्या कंडक्टरकडे देतायत, मी कोल्हापूर स्टँडवर सकाळी साडेनऊला घ्यायची आणि कागलला पोचवायची.